साळूचं पुस्तक

पासलीच्या शाळेत पुस्तकांची पेटी आली तेव्हा मंगल चौथीत होती आणि तिची धाकटी बहीण सोनिया पहिलीत. पेटीतलं एक पुस्तक सोळा पानांचं होतं. पानभर चित्र आणि खाली एखादीच ओळ. नाव होतं 'ओढ्यापलीकडे', पण दोघी त्याला साळूचं पुस्तकच म्हणायच्या.

गोष्ट साधी होती. ओढ्याला पूर आलेला असतो. एक म्हैस पाण्यात उतरते आणि अडकलेल्या जनावरांना पाठीवर घेते. कोंबडी बसते, ससा बसतो, पिल्लू तोंडात धरून मांजर बसते. सगळ्यांत शेवटी साळू येते. तिच्या अंगावर हे एवढाले काटे. पाठीवरचे सगळे ओरडतात, हिला घेऊ नकोस, टोचेल. म्हैस मान वळवून म्हणते, "काटे तिचे, पाठ माझी. बस गं." शेवटच्या पानावर पलीकडच्या काठाला म्हैस चरत असते आणि साळू तिच्या सावलीत झोपलेली असते. म्हशीच्या काळ्या पाठीवर चित्रकारानं लाल ठिपके काढले होते. सोनिया दर वेळी त्या ठिपक्यांवर बोट ठेवायची.

"आक्का, दुखलं असंल का गं तिला?"

"म्हशीला काय दुखतंय," मंगल म्हणायची आणि पान मिटायची.

आई बनाबाई आणि वडील भिमा भाताच्या खाचरात असायचे. घरी सोनियाला सांभाळायचं काम मंगलचं. सोनिया केसांत कारवीच्या काड्या खोचून साळू व्हायची आणि मंगल अंगणात रांगत तिला पाठीवरून फिरवायची. मंगलचे गुडघे सोलून निघायचे. चार पावसाळ्यांत शाळेचं छप्पर गळून पेटीतली पुस्तकं फुगली. गुरुजींनी ती टाकून द्यायला काढली तेव्हा सोनियानं हे एक मागून घेतलं.

त्या एका ओळीवर दोघी मोठ्या झाल्या म्हटलं तरी चालेल. भिमाला अर्धांगवायू झाला तेव्हा मंगल एकोणीस वर्षांची होती. आठ महिने तिनं त्यांचं सगळं अंथरुणात केलं. ते चिडायचे, हाताला येईल ते फेकून मारायचे, आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. मंगल ओठ मिटून त्यांची कूस बदलायची आणि मनात म्हणायची, काटे त्यांचे, पाठ माझी. शेजारपाजारचे म्हणायचे, पोरगी नव्हं, देवमाणूस हाय. मंगलला ते आतून खरं वाटायचं. आपण ती म्हैस आहोत, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही.

भिमा गेले, पुढं तीन वर्षांत बनाबाईही गेल्या. भाऊ नव्हता. पासलीच्या घराला कुलूप लागलं आणि खाचरं चुलत्यांकडं गेली. मंगल मार्गासनीला दिली होती, सोनिया सारोळ्याला. लग्नात सोनियानं दुसरं काही मागितलं नाही, पुस्तक तेवढं नेलं. दीड वर्षात तिला मुलगी झाली. तिचं नाव वर्षाराणी ठेवलं, पण सगळे राणीच म्हणायचे.

मंगलला मात्र मूल होईना. नवरा दत्ता कधी वाकडं बोलला नाही, पण हळदीकुंकवाला बोलावणं यायचं थांबलं होतं ते तिला कळत होतं. पुण्याला खेपा झाल्या, औषधं झाली, दोनदा दिवस राहून गेले. लग्नाच्या दहाव्या वर्षी स्वरूप झाला, तोही आठव्या महिन्यात. काचेच्या पेटीत तो एकवीस दिवस होता. घरी आणल्यावर मंगल त्याच्या छातीवर हात ठेवून बसायची, श्वास चालू आहे ना ते पाहात. ते करोनाचं दुसरं वर्ष होतं. ती कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हती.

स्वरूप चार महिन्यांचा असताना सोनिया आली.

सकाळची एसटी नुकतीच गेली होती. मंगल अंगणात बाळाची दुपटी वाळत घालत होती. फाटकाशी कुणीतरी उभं दिसलं. तोंडावर पदर गुंडाळलेला, हातात कापडी पिशवी. चालण्यावरून ओळखावं तर चालच उरली नव्हती. सोनिया आहे हे मंगलला डोळ्यांवरून कळलं.

"तितंच थांब," मंगल म्हणाली. टीबी झाल्याचं तिला फोनवर कळलं होतं.

"थांबलेच हाय, आक्का." सोनिया जांभळीखाली दगडावर बसली. दम खात खात बोलली. "आत येत न्हाई म्या. पडवीच्या त्या टोकाला पडून ऱ्हाईन. गोठ्यात बी चालंल. दोनतीन महिने. गोळ्या चालू हायेत, सव्वा महिना झाला. तितं रसाच्या गुऱ्हाळामागं शेड हाय, त्यात ठेवलंय मला. धंद्याच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. जेवण कधी येतं, कधी येत न्हाई. उपाशीपोटी गोळ्या पचत न्हाईत, उलटतात."

मंगल हातातलं ओलं दुपटं पिळत राहिली.

"मार्गासनीला असले तर बरी व्हईन वाटतंय," सोनिया म्हणाली.

दत्ता गोठ्यातून बाहेर आला होता. त्यानं ऐकलं. "पडवीत ठेवू की," तो हळूच मंगलला म्हणाला. "वरनं ताडपत्री लावतो. बाळाला माजघरातनं बाहेर काढायचंच न्हाई."

पुढं पुष्कळ दिवस मंगलनं मनात शोधलं, की तेव्हा आपल्याला कुणी भाग पाडलं होतं का. सासू नव्हती, नवरा हो म्हणत होता, शेजारणी बघायलाही नव्हत्या.

"घरात बाळ हाय, सोने," ती म्हणाली. "धा वर्सांनी झालंय."

सोनियानं मान हलवली. समजून घेतल्यासारखी हलवली, आणि तेच मंगलला नंतर सहन होईना. तिनं जेवायला मागितलं नाही, पण मंगलनं भाकरी आणि वरण ताटात वाढून मधल्या अंतरावर ठेवलं. सोनियानं उठून ते नेलं, अर्धी भाकरी खाल्ली.

"ताट टाकू नको. पाण्यात उकळून घे, चालतं. आशाताई म्हणत्यात." मग म्हणाली, "लांबनं दाव की बाळ."

मंगलनं खिडकीशी जाऊन स्वरूपला उचलून धरलं. खिडकीची काच तिनं लावून घेतली. काचेपलीकडून सोनिया बघत राहिली.

"नाक तुझं हाय," एवढं ती म्हणालेलं ऐकू आलं.

बाराच्या गाडीला दत्तानं तिला फाट्यावर सोडलं. ताट मंगलनं ओढ्यात फेकून दिलं.

दोन महिन्यांनी सोनिया गेली. दहाव्याला मंगल सारोळ्याला गेली तेव्हा घाटावर टीबीच्या गोळ्या देणारी तिथली आशाताई भेटली. रडत रडत मंगलनं तिला विचारलं, की इतक्या लवकर कशी गेली.

"गोळ्या सोडल्या त्यांनी," आशाताई म्हणाली. "पहिला दीड महिना नेमानं घेतल्या. थुंकीचा रिपोर्ट बी चांगला आला व्हता. मग मधेच काय झालं कुणास ठाऊक. येऊन बघितलं तर उशाखाली पाकिटं तशीच. म्या घ्यायला लावायची, तर तोंडात धरायच्या आणि माघारी थुंकायच्या."

"रिपोर्ट चांगला म्हंजी?"

"म्हंजी दुसऱ्याला लागण व्हण्याजोगं काही ऱ्हायलं नव्हतं. घरात घेतलं असतं तरी चाललं असतं. म्या सासूबाईंना सांगितलं व्हतं, पण लोकांची भीती जाती व्हय?"

मंगल पिंडाकडं बघत बसली. आपल्या बहिणीच्या पिशवीत त्या दिवशी रिपोर्टचा कागद असेल, आणि तो दाखव म्हणायचंही आपल्याला सुचलं नाही, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. सात वर्षांची राणी आजीच्या मांडीला टेकून तिच्याकडं एकटक पाहात होती. मंगलनं तिच्याकडं पाहिलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं तिनं सारोळ्याचं नाव काढलं नाही. हायवेनं जायची वेळ आली तर नीरेचा पूल यायच्या आधी ती डोळे मिटून घ्यायची. स्वरूप धडधाकट वाढत होता. त्याला कधी साधी सर्दीही टिकली नाही. तो अंगणात धावायला लागला की तिला आनंद व्हायचा आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटायची.

एका संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. पडवीतून दत्ताचा आवाज येत होता, तो स्वरूपला गोष्ट सांगत होता. लग्न झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत मंगल ही गोष्ट शेजारच्या पोरांना सांगायची, त्यावरून त्यानं ती उचलली होती. कोंबडी बसली, ससा बसला. मंगलचे हात थांबले. दत्ता म्हशीचा आवाज काढून म्हणाला, "काटे तिचे, पाठ माझी. बस गं." आणि स्वरूप खदाखदा हसला.

तव्यावरची भाकरी करपली. दत्ता आत आला तर मंगल भिंतीला टेकून बसली होती.

"राणीला घेऊन यायचं का आपण?" ती म्हणाली.

दत्तानं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. "न्हाई म्हणायचं काय कारण," तो म्हणाला. "तवा बी म्या न्हाई म्हणलो नव्हतो."

तो टोमणा नव्हता, हे तिला माहीत होतं. पण त्या रात्रभर तिला दुसरं काही ऐकू आलं नाही.

चैत्र संपता संपता ती चेलाडीवरून गाडी बदलून सारोळ्याला गेली. माऊली, सोनियाचा नवरा, टेम्पो घेऊन बाहेरगावी गेला होता. त्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि नवी बायको पोटुशी होती. सासू सोजराबाई रसाच्या दुकानात उसाची चिपाडं गोळा करत होत्या. त्यांनी मंगलला बसायला खुर्ची दिली, रस दिला.

"पोरगी न्याया आलीस म्हणतीस," त्या म्हणाल्या. "म्या आडवी येणार न्हाई. हितं तिचं काय व्हतंय ते मला दिसतंय. जूनला भोरला वसतिगृहात घालायची म्हणतोय माऊली. त्यापरीस मावशीच्या घरी बरी. पोरगीला इचार, ती येते का."

राणी मागच्या शेडमध्ये होती. तेच शेड. आता तिथं तिचं दप्तर, एक पत्र्याची पेटी आणि खिडकीत आरसा होता. दहा वर्षांची झाली होती. मंगलला पाहताच तिनं पेटी उघडली आणि तळातून पुस्तक काढलं. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, शिवण दोऱ्यानं पुन्हा घातलेली.

"मावशी, बघ. म्या जपून ठेवलंय," ती म्हणाली. "आई म्हणायची, ही म्हैस म्हंजी तुझी मंगलमावशी. आणि साळू म्हंजी आई."

मंगल खाली बसली.

"आई तुझ्याकडं आली व्हती ना शेवटची? आल्यावर मला सगळं सांगितलं. हितं दारात बसायची आणि म्या तितं, त्या खांबापाशी. तू पडवीत गादी घातलीस, गरम पाणी दिलंस. बाळ तिच्या मांडीवर दिलंस. आई म्हणली, मावशी तर म्हणत व्हती ऱ्हा म्हणून, पर मलाच तुझी आठवण आली, म्हणून आले." राणीनं शेवटचं पान उघडलं. "म्या बाबांना म्हणलं व्हतं, मला वसतिगृहात नको, मावशीकडं ठेवा. तू येशील मला ठाऊक व्हतं."

तिनं कपडे घडी घालायलाही घेतले. एक फ्रॉक, शाळेचे दोन ड्रेस, एक स्वेटर.

मंगलनं फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं केलं असतं तर राणी दुपारच्या गाडीनं मार्गासनीला आली असती, पडवीत तिचं अंथरूण पडलं असतं, आणि सोनियानं दम लागत असताना रचून सांगितलेलं सगळं उशिरा का होईना, थोडं तरी खरं झालं असतं. पण तीन वर्षं कोंडलेलं आता बाहेर पडू बघत होतं, आणि आपण कुणासाठी बोलतोय हे तिनं पाहिलं नाही.

"बाळाला घेतलं व्हतं ना गं आईनं?" राणीनं विचारलं. "कसा व्हता तवा तो?"

"न्हाई," मंगल म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. जांभळीखालचा दगड, अर्धी भाकरी, लावून घेतलेली काच, ओढ्यात फेकलेलं ताट. मध्येच रडू आलं तरी थांबली नाही. सांगताना तिला हलकं वाटत गेलं, हेही ती पुढं विसरू शकली नाही.

राणी हातात स्वेटर धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती काहीतरी मोजत असल्यासारखी दिसत होती.

"त्याच दिवशी माघारी धाडलंस?"

"बाराच्या गाडीनं."

"आई तिसऱ्या दिवशी आली," राणी म्हणाली. "दोन रात्री नव्हती. म्या आजीच्या शेजारी झोपून बोटावर मोजत व्हते. मग दोन दिवस आई कुठं व्हती?"

मंगलनं आजवर धरलं होतं, की सोनिया त्या दुपारीच सारोळ्याला पोचली. ते थंडीचे दिवस होते. सोनियाच्या पिशवीत पांघरूण नव्हतं. मावशीकडं राहिले असं पोरीला सांगता यावं, म्हणून ती कुठंतरी दोन रात्री काढून आली होती.

"मला ठाव न्हाई," मंगल म्हणाली.

राणीनं घडी घातलेले कपडे एकेक करून पेटीत परत ठेवले. पुस्तक मात्र ठेवलं नाही. ते मंगलच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमी न्या," ती म्हणाली. "तुमची गाडी जाईल. जावा आता."

आतापर्यंत ती तिला तू म्हणत होती.

सोजराबाईंनी पोरीची समजूत घालून पाहिली, रागावूनही पाहिलं. राणी शेडच्या दाराला आतून कडी लावून बसली ती निघालीच नाही. मंगल पुलाजवळच्या थांब्यावर उभी राहिली. हायवेवरून ट्रक जात होते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर म्हशीच्या पाठीवरचे लाल ठिपके बोट फिरून फिरून पुसट झाले होते. त्यातले काही तिच्या बहिणीनं पुसले होते, काही तिच्या भाचीनं.

पुढच्या आठवड्यात ती पासलीला गेली. घराचं कुलूप गंजलेलं होतं, ते वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नव्हतं. शेजारची सखूबाई आता फार थकली होती, पण तिचं डोकं शाबूत होतं. तिनं आठवून पाहिलं.

"सोनी? न्हाई बाई. लगीन झाल्यावर दोनदा आली तेवढीच. आली असती तर म्या उपाशी ठेवली असती व्हय?"

शाळेत विचारलं, देवळात विचारलं, चुलत्यांना विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. चेलाडी फाट्यावर एक चहावाला म्हणाला, मावशी, हितं रोज शंभर बाया बसत्यात. नसरापूरला विचारलं, भोरच्या स्टँडवर विचारलं. तीन वर्षांपूर्वीच्या दोन रात्री कुणाच्या लक्षात राहणार? दत्ता म्हणाला, आता पुरे. ती थांबली, पण घरात निजली की ती थंडी तिच्या अंगावर यायची. बाकडं असेल का, फरशी असेल. खोकला आला म्हणून कुणी उठवलं असेल का. आपल्याविषयी कुणाला तरी चांगलं सांगायचं म्हणून एक माणूस असं बसून राहिलं, आणि आपण ते तासाभरात मोडून टाकलं.

जूनमध्ये राणीला भोरच्या वसतिगृहात घातलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायची मुभा असते. मंगल दर खेपेला जाते. स्वरूपला नेत नाही. शेंगदाण्याचे लाडू करते, स्टीलच्या डब्यात भरते, बरोबर खोबऱ्याचं तेल आणि रिबिनी. फाटकाच्या आत बाकं आहेत, तिथं इतर पोरी आपापल्या माणसांजवळ बसून खात असतात. वसतिगृहातल्या बाई डबा आत घेऊन जातात आणि थोड्या वेळानं एकट्याच येतात.

"अभ्यास करतेय," त्या म्हणतात. किंवा म्हणतात, "डोकं दुखतंय तिचं." एकदा म्हणाल्या, "ताई, तुम्ही एवढ्या लांबून येता, मलाच कसंतरी होतं. पण ती म्हणते, माझी मावशी नाहीच." मग आपण जास्त बोललो असं त्यांना वाटलं असावं. त्या आत गेल्या.

मागच्या रविवारी पाऊस होता. मंगल बाकावर पाच वाजेपर्यंत बसली. मग बाईंनी रिकामा डबा आणून दिला. लाडू कोण खातं, ते तिनं आजवर विचारलेलं नाही.